नापास पुस्तकांची यादी

रेहाना, तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. ऑफिसची गाडी सकाळी आठ वीसला आमच्या सेक्टरच्या गेटवर येते, मी मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसते, आणि तुझा स्टॉप जवळ आला की शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेते. धरमपालजी आता तिथे थांबत नाहीत. पहिल्या दिवशी सवयीने थांबले होते. थोड्या वेळाने त्यांनी गिअर टाकला.

तुझी सगळी माहिती ऑफिसच्या ईमेलमध्ये येऊन गेली. चार ओळी. जन्मगाव मिरजच्या जागी मेरठ लिहिलं होतं. तू असतीस तर ते मोठ्याने वाचून दाखवून फरीदाबाद ते गुडगाव हसत गेली असतीस. मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही, कारण त्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोलायची माझी हिंमतच नव्हती. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि ते कौतुकाचं नाहीये. यंदाच्या फेब्रुवारीत मी तुझ्या पाठीमागे सरांसमोर एक वाक्य बोलले आणि त्या वाक्यामुळे तुला नव्या टीममध्ये घेतलं नाही. तू जाईपर्यंत तुला वाटत राहिलं की तूच कमी पडलीस. मी रोज तुझ्या शेजारी बसून तुला तसं वाटू दिलं. हे सांगायचं राहिलंय. पण मी कशी आहे तुला ठाऊक आहे, मुद्द्यावर यायला मला अर्धा रस्ता लागतो.

सात वर्षांपूर्वी तू या गाडीत पहिल्यांदा बसलीस तेव्हा फोनवर लेकीला, सनाला, म्हणत होतीस, "नाटकं करू नकोस, मुकाट्याने जेव." मी मान वळवून तुझ्याकडे बघत राहिले. "मुकाट्याने" हा शब्द मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. माझं मराठी दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेलं, बाबांची नोकरी केंद्र सरकारची, शाळेत हिंदी, ऑफिसात इंग्रजी, आणि मराठी फक्त जेवताना. आई गेली, मग जेवतानाही नाही. लग्न मी केलं नाही, तेव्हा घरात बोलायला भिंतीच. तू मिरजेच्या मराठी शाळेतली, नवऱ्याच्या, म्हणजे असलमभाईंच्या, कारखान्यातल्या नोकरीपायी फरीदाबादला आलेली. मी तुला माझं नाव मंजिरी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तू मला मंजे म्हणायला लागलीस. दिल्लीत मला मंजे म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग मागच्या वर्षीचा जुलै. सरांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावून सांगितलं की ट्रकांची वेळापत्रकं लावणारं आपलं जुनं सॉफ्टवेअर आता नव्याने लिहायचं, फंक्शनल नावाच्या निराळ्या पद्धतीने. सहा महिन्यांत ज्यांना ते येईल ते नव्या टीममध्ये, बाकीचे जुनं सांभाळतील. जुनं किती दिवस चालणार हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणीतरी ट्रेनिंगचं विचारलं. सर म्हणाले, "अरे, नेट पर सब कुछ है." मी सत्तेचाळीसची, तू एकोणपन्नासची, आणि आपल्या खालोखाल वयाचा माणूस चौतीसचा. संध्याकाळी गाडीत तू माझ्याकडे वळलीस. मग म्हणालीस, "दोघी मिळून शिकू गं. एकटीला न्हाई झेपायचं हे."

आणि नेटवर खरंच सगळं होतं, तोच तर त्रास होता. पहिलं पुस्तक सगळ्यांनी सुचवलेलं, जाडजूड, ज्यात दुसऱ्या पानावर हे किती सोपं आहे ते सांगितलं होतं आणि पाचव्या पानावर ग्रीक अक्षरं सुरू होत होती. मग एक व्हिडिओ, अकरा तासांचा, ज्यात एक गृहस्थ इतक्या भरभर टाइप करायचे की समजायच्या आत पुसून मोकळे. मग एक वेबसाइट, जिच्यात प्रत्येक धड्यात एक मांजर विनोद करायचं. मांजर तुला फार आवडलं होतं. आपलं शिकणं मात्र चौथ्या धड्यालाच आटोपलं.

तू नियम काढलास. सकाळी जाताना वाचायचं. संध्याकाळी येताना फोन बंद, पुस्तक बंद, आणि वाचलेलं एकमेकीला मराठीत सांगायचं. एखादा इंग्रजी शब्द चालेल, पण वाक्य मराठीच. मी हिंदीवर घसरले की तू हात वर करायचीस आणि मला पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. सांगताना एक अडकली तर दुसरीने सोडवायचं. दोघी एकाच जागी अडकलो की तू पर्समधून वही काढायचीस, पुस्तकाचं नाव लिहायचीस आणि पुढे लिहायचीस, नापास. मी म्हणायचे, आपण नापास झालो ना यार. तू म्हणायचीस, "आपण कशाला? पुस्तक नापास."

धरमपालजींना किती महिने वाटत होतं की आपण कसलीतरी पोथी म्हणतो. एकदा त्यांनी आरशात बघत विचारलं होतं, "मैडम, ये आप लोग रोज़ कौन सा पाठ करती हैं?" तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "नौकरी बचाने का, भैया." त्यावर त्यांनी मान हलवून सांगितलं की असं काही असेल तर त्यांच्या भाच्यालाही शिकवा.

सप्टेंबरपर्यंत तुझ्या वहीत एकोणतीस नावं झाली. प्रत्येकापुढे नापास आणि एक शेरा. "आवाज गोड, शिकवत न्हाई." "चौथ्या पानापर्यंत माणूस, पुढं प्रोफेसर." "याला येतंय, पण आपल्याला यावं असं याला वाटत न्हाई." मला हसू यायचं, पण मी मनात दिवसही मोजायचे. तीन महिने गेले होते आणि आपण प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती. शेवटी एका संध्याकाळी मी भडकले. म्हटलं, रेहाना, बस झालं, कुठलंही एक धर आणि सुरू कर, नाचता येईना अंगण वाकडं असं चाललंय आपलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. अरावलीच्या त्या पट्ट्यात रस्त्याकडेला माकडं बसली होती आणि लोक गाड्या थांबवून त्यांना केळी देत होते. तू शांतपणे म्हणालीस, "कधी कधी अंगण खरंच वाकडं असतंय, मंजे."

मग तू कॉलेजचं सांगितलंस. मराठी शाळेतून सांगलीला इंजिनिअरिंगला गेलीस, तिथे एक मास्तर सगळं इंग्रजीत फळ्याकडे तोंड करून सांगायचे. पहिलं वर्षभर तुला एक अक्षर कळलं नाही. तू वर्गात मागे बसायला लागलीस, घरी जायचं टाळायला लागलीस, आणि मनाशी पक्कं केलंस की आपण ढ आहोत. मग ग्रंथालयातल्या एका बाईंनी कुणाच्या तरी हाताने लिहिलेल्या जुन्या वह्या तुला दिल्या आणि पंधरा दिवसांत सगळं लख्ख झालं. "वर्षभर ढ होते आणि पंधरा दिवसांत शहाणी झाले व्हय?" तू म्हणालीस. "मी तीच होते की. चुकीच्या मास्तरापुढं बसलं की माणूस स्वतःला ढ समजायला लागतो. त्याच्यासारखं वाईट दुसरं काही न्हाई बघ." ते मी ऐकलं होतं, रेहाना. नीट ऐकलं होतं. म्हणून मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिसावं तूच शोधलंस. पुस्तकसुद्धा नव्हतं ते. कुठल्याशा कॉलेजात कुणीतरी शिकवताना काढलेल्या टिपणांची स्कॅन केलेली पानं, काही पानं तिरकी, एकावर चहाच्या कपाचा गोल डाग. बारा धडे, प्रत्येकाखाली गणितं, उत्तरं कुठेच नाहीत. पण लिहिणारा मधूनमधून सांगायचा की इथे तुम्ही अडकाल, अडकणं बरोबर आहे, आता थोडं चालून या. तीस ठिकाणी हिंडल्यावर पहिल्यांदा कुणीतरी आपण अडकणार हे धरून लिहिलं होतं. तू ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलंस आणि वहीत लिहिलंस, पास.

त्यातला पहिला धडा तू मला ज्या तऱ्हेने सांगितलास ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हटलं होतं, एकदा साठवलेली माहिती पुन्हा बदलायचीच नाही हा काय वेडेपणा आहे, मग प्रोग्राम चालणार कसा. तू म्हणालीस, "घरात लोणच्याची एक बरणी असती. सगळे त्याच बरणीत चमचा घालतात. महिन्याने बुरशी दिसती. ओला चमचा कुणी घातला? सगळे म्हणतात, मी न्हाई. आता बरणीला कुणी हातच लावायचा न्हाई असं ठरव. ज्याला पाहिजे त्याला त्याच्या वाटीत वाढून मिळंल. मग कुणाच्या वाटीत काय झालं ते त्याच्या वाटीपुरतं." बस, एवढंच होतं ते. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रकची वेळ कोण बदलतं हे शोधण्यात मी आयुष्याची वर्षं घालवली होती, आणि तू ते लोणच्यावर सांगून मोकळी झालीस. त्या संध्याकाळी मला इतकं बरं वाटलं होतं की घरी जाऊन मी एकटीच वरण-भात लावला, साजूक तूप घालून जेवले.

मग आपण ती चूक केली. वेळ कमी म्हणून धडे वाटून घेतले. विषम माझे, सम तुझे. आपापले धडे पुरते करायचे, गणितांसकट, आणि दुसरीचा धडा तिने गाडीत सांगितला तेवढा घ्यायचा. मला वाटलं काय हुशारी केली आपण. पण ऐकून कळणं आणि बसून करणं यांत फरक असतो. तुझे धडे तू सांगायचीस इतकं छान की मला वाटायचं मलाही आले, आणि कागद घेतला की दुसऱ्या ओळीला गाडी बंद. तू मात्र गुपचूप माझेही धडे घरी करत होतीस. मला ते खूप नंतर कळलं. मी विचारलं तर म्हणालीस, "रिकामी बसून काय करू?" रिकामी. सासूबाईंचं पथ्य, सनाची परीक्षा, नोकरी, आणि बाई रिकामी.

जानेवारीच्या शेवटी चाचणी झाली. सात प्रश्न, कागदावर, सगळ्यांना एकाच वेळी. तपासायला पेपर बंगळुरूच्या ऑफिसला गेले. त्यानंतरच्या आठवड्यात कॉफीच्या मशीनपाशी सरांनी मला गाठलं. म्हणाले, बाकीच्या जागा भरल्यात, तुम्हा दोघींमध्ये एकच उरलीय, पेपर यायला वेळ आहे आणि मला आज नाव द्यायचंय. "रेहाना जी रेडी हैं क्या?" आणि मी हसून म्हटलं, "रेहाना? सर, वो तो अभी किताबों की लिस्ट ही बना रही है." सरही हसले. कॉफी घेऊन गेले. एवढंच झालं. चहाचा कप भरायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी स्वतःला किती दिवस समजावलं. मस्करी होती, सरांनी ती इतकी मनावर घेतली त्याला मी काय करणार. खोटं आहे ते, यार. जीभ मी विचार करून उचलली होती. मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं की खरं बोलले तर तुझं नाव पुढे जाईल. मला भीती वाटली. तुला असलमभाईंचा पगार होता, घर होतं, लेक होती. मला ही नोकरी गेली तर सकाळी उठून जायला जागा नव्हती. ही कारणं मी तुला दाखवत नाहीये, फक्त त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगतेय. आणि त्याहून लाज वाटते ती याची की मी थट्टा केली ती यादीची. तीस ठिकाणी डोकं फोडून तू ती केलीस आणि तिच्यामुळेच मला जे थोडंफार आलं ते आलं.

निकाल सांगितला त्या संध्याकाळी गाडीत तू माझा हात धरून म्हणालीस, "मला वाटलंच होतं, मंजे. छान झालं. मीच कुठंतरी घोळ घातला पेपरात." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबा भरून शेंगदाण्याची चटणी आणलीस. मी ती घेतली. खाल्लीही. तुझ्या हातची चटणी फार चांगली असायची.

दोघी अडकलो तेव्हा तू पुस्तकं नापास केलीस. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र पुस्तक नाही, सर नाहीत, कंपनी नाही, थेट रेहानालाच नापास केलंस. मी शेजारी बसून बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी रोज ठरवायचे, आज टोलनाक्यापर्यंत सांगून टाकायचं. टोलनाका यायचा, तू काहीतरी बोलत असायचीस, मी म्हणायचे उद्या.

आणि वर तू मला शिकवत राहिलीस. नव्या टीममध्ये गेल्यावर महिन्याभरातच माझं पितळ उघडं पडायला लागलं. सम धड्यांतलं काही आलं की मी अडायचे आणि दुसऱ्या मजल्यावर तुझ्याकडे पळत यायचे. स्वतःलाच पुन्हा बोलावणारी फंक्शन्स मला कधी जमली नाहीत, ती तू मला पोळ्यांवर शिकवलीस. वरची एक पोळी उचल, उरलेल्या चळतीला तोच प्रश्न विचार, आणि ताट रिकामं झालं की थांब. "थांबायचं कुठं ते आधी लिही. तू नेहमी तेच विसरतीस," असं तू म्हणायचीस, आणि खरंच मी नेहमी तेच विसरायचे. कधी संकोचून उभी राहिले तर म्हणायचीस, "विचार की, लाजतीस कशाला?" जी जागा तुझी होती तिच्यावर बसून मी तुझ्याकडून शिकत होते. तुझ्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

जूनमध्ये सरांनी मला नव्याने येणाऱ्या लोकांसाठी शिकण्याच्या साधनांची यादी मागितली. चांगलं काय, टाळायचं काय. मी तुझ्याकडून वहीचे फोटो घेतले, टाइप केले आणि पाठवले. तू म्हणालीस, "दे की, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." आता ऑफिसात तिला मंजिरीची यादी म्हणतात. मी कुणाला थांबवलं नाही. तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी वर तुझं नाव घातलं आणि सरांना कळवलं की ही यादी रेहानाची आहे, पहिल्यापासून तिचीच होती. त्यांनी विचारलं, "रेहाना जी? वो मेंटेनन्स वाली?" मी हो म्हटलं. मला त्यांचा राग करता आला नाही. त्यांना तुझ्याबद्दल जी एकच गोष्ट माहीत होती ती माझ्याकडूनच कळली होती.

दिवाळीनंतर धूर उतरला आणि तुझा खोकला सुरू झाला. गाडीच्या काचा बंद, तरी डोळे चुरचुरायचे. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. तू म्हणालीस, दिल्लीत नोव्हेंबरात कोण खोकत नाही. मग ताप, मग न्यूमोनिया, मग हॉस्पिटलात अकरा दिवस. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू बोलू शकत होतीस. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलंस, "सहावा धडा झाला?" मी हो म्हटलं. झाला नव्हता. मी खुर्ची ओढून जवळ बसले, आता सांगतेच असं मनाशी म्हणाले, इतक्यात नर्सने येऊन मास्क नीट बसवला आणि बाहेर जायला सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं, रेहाना. परत आले तेव्हा तू काचेपलीकडे होतीस आणि तुझ्या घशात नळी होती.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या घरी बायका एका खोलीत बसल्या होत्या, कुणी पढत होतं, कुणी रडत होतं. मी दाराशी बसले. शेजारणी चांगल्या होत्या, त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, हिंदीत समजावलं. मिरजेची माणसं दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर त्या खोलीत "अगं रेहाना" म्हणणारी मी एकटी होते, आणि मी ते मोठ्याने म्हणू शकले नाही. पुरुष तुला घेऊन गेले तेव्हा मी गेटपर्यंत आले आणि तिथेच उभी राहिले. पुढे कुठे जायचं मला कळेना, म्हणून चालत घरी गेले, पाच किलोमीटर.

त्यानंतर गेल्या रविवारपर्यंत मी कुणाशी मराठीत बोललेच नाही. खरंच, मोजून बघितलं, एक वाक्यही नाही. एकदा गाडीत आठवा धडा स्वतःलाच सांगायला लागले, तर शेजारच्या मुलीने कानातला इअरफोन काढून विचारलं, "जी मैम, कुछ कहा?" मी नाही म्हटलं. घरी आल्यावर आरशासमोर सांगून बघितला. मी चुकत असेन, पण कुठे ते सांगायला समोर कुणी नव्हतं. ते इतकं असह्य झालं की मी दिवे घालवून साडेसातलाच झोपले.

गेल्या रविवारी दुपारी मी सनाला भेटायला गेले. असलमभाई बाहेर गेले होते. सनाने चहा केला. तिचं मराठी माझ्यासारखंच, अर्धं हिंदी, पण बोलायची ढब अगदी तुझी. इकडचं तिकडचं झालं आणि तिने सरळ विचारलं, "मावशी, अम्मीला त्या टीममध्ये का नाही घेतलं? अम्मी म्हणायची, मंजिरी हुशार आहे, मला नाही जमलं. पण ती तर सगळ्यांना समजावायची."

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. कॉफीचं मशीन, सर काय म्हणाले, मी काय म्हणाले, हिंदीत जसं बोलले तसंच. सना माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ओरडेल, जा म्हणेल. ती म्हणाली, "अम्मी ते सात सवाल पुन्हा पुन्हा सोडवायची. दर इतवारी, इथेच बसून. तिला वाटायचं एक तरी गलत असणार, मला मिळत नाहीये फक्त. दिवाळीच्या आधीपर्यंत शोधत होती."

मी माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "मला सांगून काय फायदा, मावशी? हे तिला सांगायचं होतं." रागाने नाही म्हणाली. मग चहाचे कप उचलून आत गेली आणि बाहेर आली नाही. मी थोडा वेळ थांबले, दार ओढून घेतलं आणि निघाले.

तर आता तुला सांगते. मी सरांजवळ काय बोलले ते वर लिहिलं, पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं मी सनालाही सांगू शकले नाही. नव्या टीममध्ये पहिल्याच आठवड्यात पुढच्या चाचणीचे प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर बंगळुरूहून तपासून आलेले आपले पेपर. मी तुझा उघडून बघितला. रेहाना, तुझी सातही उत्तरं बरोबर होती. माझी दोन चुकली होती. तू दर रविवारी जी चूक शोधत होतीस ती कुठेच नव्हती, आणि हे मला फेब्रुवारीपासून माहीत होतं.